बाबांनी पास केलेले बांगडे

"हॅलो?… हां बाबा, बोला."

फोन कान आणि खांद्यात दाबून ती प्रयोगशाळेतलं काम करतच राहिली. पुढ्यात वाटलेल्या माशाच्या नऊ नळ्या स्टँडमध्ये उभ्या होत्या, प्रत्येकीवर तिच्याच अक्षरातली चिठ्ठी. घरात तिला 'माशांची डॉक्टरीण' म्हणत. बाबांनी चाळीस वर्षं बोट चालवली होती आणि गुडघे गेल्यावर ती आपल्या धाकट्या भावाच्या, म्हणजे तिच्या काकांच्या, हवाली केली होती. दुपारी तीनला ते कधी फोन करत नसत. जेवून लवंडलेले असत.

"नाही, कामात नाही… म्हणजे आहे, पण बोला ना… कुठली गोळी? खाजेची?… ती जुनी झाली असेल. कुणाला खाज सुटलीय?… शेजारच्यांना. बरं. कुठे सुटलीय शेजारच्यांना?… मानेवर. आणि तोंड लाल. डोकं ठणकतंय… बाबा, हे शेजारी आत्ता तुमच्याच खुर्चीत बसलेत का?"

पलीकडून खाकरल्याचा आवाज आला. तिने हातमोजे काढले.

"नाही, हसत नाहीये… हो, हो, तुम्हाला कधीच काही होत नाही. मला एवढंच सांगा, श्वास नीट येतोय? घसा आवळल्यासारखा? ओठ सुजलेत?… नक्की?… धडधडतंय थोडं. थोडं म्हणजे किती?… बाबा, उठा आणि समोरच्या नर्समावशींचं दार वाजवा… असू दे जेवत. तुम्ही वाजवा. फोन कानालाच ठेवा."

चपलांचा फरफटत जाणारा आवाज, मग दाराची कडी. ती उभीच होती.

"मावशी? मीच. जरा नाडी बघता का त्यांची?… हं. प्रेशर?… ठीक आहे म्हणायचं. मला काय वाटतंय ते नंतर सांगते, आधी तुमच्या डॉक्टरांना फोन लावा. गोळी ते सांगतील तीच… आणि घसा जरा जरी आवळला ना, तर थेट अॅम्ब्युलन्स. त्यांचं ऐकू नका, ते नको म्हणतील… हो, द्या त्यांच्याकडे."

"बाबा, जेवणात काय होतं?… बांगडा. चवीला कसा लागला?… जीभ चुरचुरली. मिरपूड लागल्यासारखी?… मिरपूड तर घातलीच नव्हती. हं."

तिला कळलं. गेली तीन वर्षं ती याच गोष्टीच्या पाठीमागे लागली होती. बांगड्यासारखा मासा पकडल्यावर बर्फाविना राहिला, की त्याच्या अंगात हिस्टामिन नावाचा, खाणाऱ्याला खाज आणि लाली आणणारा पदार्थ साठत जातो. मग उकळा, तळा, नाहीतर गोठवून ठेवा, तो जात नाही. आणि त्याला वास नसतो.

"उरलाय त्यातला तुकडा?… टाकू नका. मांजरीलाही नको. डब्यात घालून वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा. आणला कुठून होता?… बाबा? कुठून आणला?"

तिने वही पुढे ओढली.

"काकांच्या बोटीचा. आज पहाटेचाच… बर्फ कमी पडला होता का त्यांना?… बर्फाच्या कारखान्याचं यंत्रच बंद, मग काका तरी काय करणार. खोकी किती होती?… चाळीस. गेली?… ट्रकवर चढवतायत. निघतो किती वाजता?… चारला."

भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन वाजून गेले होते.

"बाबा, ती खोकी थांबवायला हवीत… नाही हो, काकांच्या पोटावर पाय देत नाहीये मी. पण मला कळलंय ना आता, मग मला वर सांगावंच लागणार. तुम्ही पण काकांना सांगा म्हणतेय, म्हणजे ट्रक हलणार नाही… कुणाच्या तरी घरी संध्याकाळी लहान पोरं खायला बसतील ते… काका ऐकणार नाहीत? का?… दादाने पास केलाय म्हणून. हं."

हे मात्र खरं होतं. बाबा अजून रोज सकाळी धक्क्यावर जात. खोकं उघडायचं, एक मासा उचलायचा, कल्ला वर करून नाकाशी धरायचा आणि मान हलवायची. मान हलली की खोकं पुढे. लेकीच्या यंत्रांवर काका कौतुकाने हसत, पण माल जायचा तो दादाच्या मानेवर.

"अहो, ते नाकाला कळतच नाही. समजूत नाही काढत तुमची. आमच्याकडे बारा जणांना बसवलं होतं वास घ्यायला, याच कामात जन्म गेलेली माणसं. दहा जणांनी खराब मासा ताज्यात टाकला… डोळे चकचकीत, कल्ले लालभडक, कुणाला शंका येणार? तुमची काही चूक… काय?… परत बोला."

तिने पायाने स्टूल ओढलं आणि बसली.

"कधीपासून?… त्या तापापासून. आठ महिने झाले, बाबा. अजिबातच नाही? चहाचा?… साबणाचा?… आणि रोज सकाळी तुम्ही तिथे… नाही, रागावले नाही. आवाज? इथे थंड असतं, नाक वाहतं माझं. मला का नाही सांगितलंत?… हं… हं… मग धक्क्यावर काय करायचं, म्हणजे? बसायचं. चहा प्यायचा. काकांच्या चुका काढायच्या. त्याला नाक कशाला लागतं?"

पलीकडून बाबांचा श्वास ऐकू येत होता. तो सरळ चालला होता, म्हणून ती थोडी थांबू शकली.

"ऐका ना. नाक शाबूत असतं, तरी आजचा मासा सुटलाच असता. पण हे मी सांगून काकांना पटणार नाही. तुम्हीच सांगा. नाकाचं नका काढू हवं तर, खाऊन त्रास झाला एवढंच… हॅलो?… बाबा?"

फोन कटला होता. तिने परत लावला, एंगेज. ती उठून विभागप्रमुख बाईंकडे गेली, सगळं सांगितलं. बाईंनी तिच्यासमोरच तपासणी खात्याला कळवलं. तिने पुन्हा लावला. एंगेज. नर्समावशींनी तेवढ्यात निरोप धाडला, डॉक्टर येऊन गेले, लाली उतरतेय. चारला दहा कमी असताना फोन वाजला.

"हॅलो?… हां काका… उतरवली? चाळीसही?… फेकू नका, आहेत तशी राहू द्या. खात्याची माणसं येतील, नमुने घेतील. भांडू नका त्यांच्याशी… हो, ते मी बघते. बाबा काय म्हणाले तुम्हाला?… सगळं? नाकाचंसुद्धा?… 'आठ महिने नुसतीच मान हलवतोय.' असं म्हणाले… स्वतःहून?… मग तुम्ही काय म्हणालात?"

ती परत स्टुलावर बसली.

"तुम्हाला माहीत होतं?… कधीपासून?… बोटीवर डिझेल सांडलं होतं आणि ते त्यातच डबा उघडून बसले. हं… मग रोज सकाळी?… दादा यायच्या आधी. सगळी खोकी हुंगून ठेवायचात? तुम्ही एकटे?… काका, म्हणजे आजचा मासा तुमच्याही नाकाखालून गेलाय… हो, तेच तर सांगतेय मी तीन वर्षं."

काका आता आडून आडून थर्मामीटरचं विचारत होते.

"आणते ना, दोन आणते. माशाच्या पाठीला जाड भाग असतो तिथे खुपसायचा, आकडा चार डिग्रीच्या वर गेला की खोकं बाजूला… बाबांना दिसेल, चष्मा लावला की. बसू दे त्यांनाच तिथे… बाकी तुम्ही आधी बघून ठेवायचात ते त्यांना सांगितलंत?… बरं… हो. नाही सांगणार… नाही म्हटलं ना, काका. त्यांनी मला विचारलं तरी नाही."