शमुवेलअण्णांची साक्ष राहिली

पाळकसाहेब, मार्थाअक्का, मंडळीतले वडील आणि गावातून आलेले सगळे शेजारी,

तुम्ही उन्हातून आलात. काही जण तर खटकचिंचोळीहून पायी आलात. अशा वेळी बोलणं मला जमत नाही. मी दवाखान्यातली नर्स. मला उशाशी उभं राहायला शिकवलंय, सभेत उभं राहायला नाही.

पण आपल्या मंडळीत एक रीत आहे. शेवटच्या वेळी जो उशाशी असतो, त्यानं शोकसभेत उठून मरणाऱ्याची साक्ष सांगायची. तो शेवटी काय बोलला, प्रभूचं नाव त्यानं स्वतःच्या तोंडानं घेतलं का, हे सांगायचं. ही रीत आपले उपदेशक शमुवेलअण्णा यांनीच लावली. कितीतरी जणांची साक्ष त्यांनी याच जागेवर उभं राहून सांगितली. आज त्यांचीच सांगायची आहे, आणि त्यांच्या उशाशी मी होते.

मंडळी, साक्ष नाही. शमुवेलअण्णा शेवटी एक शब्दही बोलले नाहीत.

मघाशी मंडळीतल्या एका वडिलांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "सिस्टर, एखादं वाक्य सांगून टाका की. कोण तपासायला येणारंय? अण्णांच्या बायकोला, मार्थाअक्काला, तेवढाच आधार."

मी ते करणार नाही. मार्थाअक्का, मला माफ करा. तुमच्यासाठीसुद्धा मी ते करणार नाही.

जे झालं ते सांगते. औरादच्या बाजारात उपदेश करून येताना अण्णांच्या पायात बाभळीचा काटा मोडला. त्यांनी तो काढला, वर शेणाचा लेप लावला आणि विसरून गेले. काही दिवसांनी त्यांना भाकरी चावता येईना. माझ्याकडे आणलं तेव्हा जबडा धरला होता. तो धनुर्वात होता. त्यावरची प्रतिविषाची सुई इथं नाही. हैदराबादहून मागवली. ती आली तेव्हा अण्णा नव्हते.

धनुर्वातात जबडा मिटतो. मग पाठ, मग छाती. पण शुद्ध जात नाही. हे नीट ऐका. शुद्ध जात नाही. माणसाला सगळं कळत असतं, आणि त्याला काहीच म्हणता येत नाही. आवाज झाला, उजेड पडला, कुणी हात लावला, की सगळं अंग ताणून धनुष्यासारखं वाकतं. म्हणून मी खोलीत अंधार केला. म्हणून मी तुम्हाला बाहेर काढलं. म्हणून म्हटलं, गाऊ नका, मोठ्यानं प्रार्थना करू नका.

तुम्ही माझ्यावर रागावलात. मला माहीत आहे. एक मावशी माझ्या तोंडावर म्हणाल्या, "उपदेशकाला गीताबिगर मरू देतीस? तुझं काळीज हाय का दगड?" आणि तुम्ही अंगणात बसून गायलात. झांजा घेऊन गायलात.

आत काय झालं ते दारातल्यांनी बघितलं. गीत सुरू झालं आणि अण्णांचं अंग वाकलं. पाळकसाहेबांनी येशूचं नाव घेतलं, पुन्हा वाकलं. मग कुजबुज सुरू झाली. "प्रभूचं नाव ऐकलं की असं कामून व्हायलंय?" "ह्याच्या आत काय बसलंय?" "कुणाला न सांगितलेलं पाप असंल." ही कुजबुज मी ऐकली. मार्थाअक्कांनी ऐकली. आणि मंडळी, अण्णांनीही ऐकली. त्यांचे कान उघडे होते.

पितळी वाटी पडली तेव्हाही अण्णा असेच वाकले होते. दार वाजलं तेव्हाही. बसप्पाअण्णांचे बैल दारावरून गेले, त्या घुंगरांनीही. मी बाहेर जाऊन त्यांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "व्हय बाई, काढतो." तिथंच गाडी थांबवून त्यांनी बैलांच्या गळ्यातल्या माळा काढल्या. ते आज मागं बसले आहेत. ते लिंगायत. आपण प्रभूचे.

पाप नव्हतं. सैतान नव्हता. तो आजार होता. एवढं मी शपथेवर सांगू शकते.

पण मार्थाअक्का मला ते विचारत नाहीत. त्या एकच विचारतात, "सिस्टर, ह्यांची तयारी झाली होती का?"

अण्णांचं आणि माझं यावरून एकदा वाजलं होतं. एका म्हाताऱ्या आजींना धाप लागली होती, आणि अण्णा त्यांच्या कानाशी म्हणत होते, "बोला आजी, तोंडानं बोला. येशू म्हणा." मी म्हटलं, "अण्णा, त्यांना श्वास घेऊ द्या." ते म्हणाले, "तुम्ही नाडी बघा. मी आत्मा बघतो. तोंड मिटायच्या आत कबूल केलं पाहिजे." आजी कशाबशा म्हणाल्या. अण्णा रडले, आनंदानं. त्यांनी जन्मभर लोकांना मरणासाठी तयार केलं, आणि तयारी कशी ओळखायची ते आपल्याला शिकवलं. तोंडानं.

मग ज्याचं तोंडच मिटलं त्याचं काय? प्रभुभोजनाची भाकर त्यांच्या ओठांवर ठेवली. आत गेली नाही. त्यांच्याच मापानं मोजलं तर शमुवेलअण्णा तयारीविना गेले. हे माझ्या गळी उतरत नाही. मला झोप लागत नाही. त्यांच्यासारखा माणूस तयार नसेल, तर या मांडवात कोण तयार आहे? मी आहे? तुम्ही आहात?

मी बघितलं तेवढंच सांगते. मार्थाअक्का हात न लावता शेजारी बसल्या होत्या. त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. अण्णांचे डोळे त्या ओठांवर होते. तेवढा वेळ अंग वाकलं नाही. डोळ्यांतून पाणी आलं. ते दुखण्याचं होतं की प्रार्थनेचं, मला सांगता येत नाही. मग छाती धरली, आणि संपलं.

एवढंच आहे माझ्याजवळ.

आता माझी विनंती आहे. गीत म्हणू नका. झांजा खाली ठेवा. ज्यांनी ती कुजबुज केली, त्यांनी मार्थाअक्कांकडे एकदा बघा. मग सगळ्यांनी ओठ मिटून, दात दातांवर ठेवून, अण्णांसाठी प्रार्थना करा. त्यांना करावी लागली तशी. ही आपली प्रार्थना प्रभूपर्यंत पोचत नसेल, तर त्यांचीही पोचली नाही. पोचत असेल, तर त्यांचीही पोचली.

उभे राहा.