नऊ कोऱ्या ओळी

डोळ्यांच्या दवाखान्यात शिंपीणबाई सात नंबरचा बिल्ला धरून बसल्या होत्या. शेजारी नणंद-भावजय बोलत होत्या. नणंद संसदेत भाषणं टिपून घ्यायची, नुकतीच निवृत्त झालेली.

"पेन्सिल कधीच थांबली नाही तुमची, वन्सं?"

"एकदा थांबली. एक खासदारबाई बोलत होत्या तेव्हा."

"कशावर?"

"चर्चा शिक्षणावरची असो, हवामानावरची असो, नाहीतर बालविवाहाची, त्या एकाच पत्र्याच्या शाळेची हजेरी सांगायच्या. बेचाळीस अंश, एकोणीस मुली. चव्वेचाळीस अंश, अकरा मुली."

"तेच तेच? लोक कंटाळले नाहीत?"

"पहिल्यांदा हसले. तिसऱ्यांदा सभागृहात पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. पारा चढत होता, मुली घटत होत्या. कुणी पाण्याला गेली, कुणाचं लग्न लावून दिलं. माझी पेन्सिल हवेतच राहिली."

"अगं बाई!"

"नऊ ओळी कोऱ्या. सभागृह उठल्यावर त्यांच्याकडे गेले. त्यांनी डोळे मिटले आणि सगळं पुन्हा सांगितलं. नंतर रेकॉर्डिंगशी ताडून पाहिलं, एक आकडा चुकला नव्हता."

"कागद न बघता?"

"कागद नव्हताच, वहिनी. त्यांचाच वर्ग होता तो. खासदार व्हायच्या आधी तिथंच शिकवायच्या."

"सात नंबर!" आतून हाक आली.

शिंपीणबाई नणंदेकडे वळल्या. "अहो, त्या वर्गात शेवटच्या दिवशी किती मुली होत्या?"

"एक."

"सात नंबर! सात नंबर कोण आहे?"

कुणीच उठलं नाही.