ब्रेकवरचा पाय

—नाही नाही, तुम्हाला नाही वाजवत ते, छपरावरच्या पाटीला वाजवतात. 'शिकाऊ' असं दिसलं की मागच्याचा हात शिवशिवतो, जणू स्वतः पाळण्यातच गिअर टाकायला शिकला होता — वाजवू द्या. क्लच हळू सोडा. हळू. अजून — बघा, निघाली की. तुम्ही बोलू नका डॉक्टर, तुम्ही रस्त्याकडे बघा, बोलायचं माझ्यावर सोडा. गंमत आहे की नाही? मी तुमच्याकडे दाढ काढायला आलो होतो तेव्हा तुम्ही आधी माझ्या तोंडात ती हत्यारं घातलीत आणि मग चौकशी सुरू केलीत — काय करता, कुठे राहता, घरी कोण कोण असतं — आणि मी आपला आ वासून घशातून आवाज काढतोय. आज तुमचे दोन्ही हात अडकलेत, आज माझी पाळी.

तर तुमची परीक्षा. ऑफिसात बसते ना ती चष्मेवाली, ती माझी मुलगी. आईवर गेलीय. म्हणजे आवाज न चढवता माणसाची साल काढते. परवा म्हणाली, बाबा, दातांच्या डॉक्टर नापास झाल्या. म्हटलं, होतं असं एखाद्याचं. म्हणाली, त्यांच्या आधी तो शिंपी नापास झाला, त्याच्या आधी कॉलेजातली ती जोडगोळी झाली, आणि सगळे एकाच ठिकाणी, उजव्या वळणावर. मी म्हटलं, परीक्षा घेणारा साहेब खडूस आहे. म्हणाली, साहेब बदललाय. मग म्हटलं, वळण अवघड आहे, समोरून येणाऱ्यांना वाट द्यायची, अंदाज घ्यायचा, सोपं आहे का ते? म्हणाली, तुम्ही त्यांना उजवीकडे वळायला शिकवलंत का? म्हटलं, म्हणजे काय, शिकवलं असेल की. असेल! स्वयंपाकी कधी म्हणतो का, आमटीत मीठ टाकलं असेल की? बघत बसली माझ्याकडे. म्हणून आजचा हा जादा तास, आमच्याकडून.

इथे डावीकडे घ्या. इंडिकेटर — वा. सुंदर. डावीकडे तुम्ही अशा वळता की बघत राहावं. माझे सगळेच वळतात. आपण ऑफिसापासून निघतो, डावीकडे, मग डावीकडे, मग परत डावीकडे, की पुन्हा ऑफिसच्या दारात, घाण्याला जुंपल्यासारखे. तुमच्या लक्षात नाही आलं कधी? तुम्हाला वाटलं असेल, मुरलेला मास्तर आहे, काहीतरी पद्धत असेल. कसली पद्धत! पुढे तो मोठा चौक आहे ना, तिथे उजवीकडचा रस्ता हॉस्पिटलला जातो. बास, एवढंच. रस्त्यानं काय घोडं मारलंय माझं? पण नाही जात पाय तिकडे — म्हणजे चाकं. जरा सांभाळून, डावीकडे सायकलवाला आहे.

माझी बायको मागे बसायची. तुमची पर्स ठेवलीय ना, तिथेच, पाय लांब करून, पाठीला दोन उशा. आजारपण लांबलं, किती लांबावं त्यालाही काही सुमार असतो. आणि घरात गाडी ही एकच, म्हणून उपचारांना जायचं तेही असं, छपरावर पाटी घेऊन. मी म्हणायचो, काढतो गं ती पाटी. ती म्हणायची, राहू द्या, या आजारात आपण दोघंही शिकाऊच आहोत. मागून हॉर्न वाजला की डोक्याचा रुमाल सारखा करायची आणि मागच्या काचेतून हात हलवायची, अगदी मिरवणुकीत बसल्यासारखी. हॉर्न देणारे ओशाळायचे हो. आणि चालवायचो मी, पण शिकवायची ती. अहो, आरसा. अहो, इंडिकेटर. चौक आला की, अहो, उजवीकडे. अर्ध्या गावाला गाडी शिकवलेला माणूस मी, पण मला दर वेळी सांगावं लागायचं, कारण मला खरंच वाटायचं की सरळच जावं. एकदा गेलोही सरळ. तर मागून आवाज — अहो, हॉस्पिटल हलवलं का त्यांनी?

दुसरा गिअर. छान. आता हा माझ्या पायाशी असलेला ब्रेक बघा — बघू नका, समोर बघा, मी सांगतो. आम्हा शिकवणाऱ्यांना हा एकच आधार असतो, आणि त्याची एकदा सवय लागली की सुटत नाही. सिनेमात गाडी आली की मी खुर्चीत पाय दाबतो. झोपेतही दाबतो. बायको माझ्या पायाच्या नि स्वतःच्या पोटरीच्या मध्ये उशी घालून झोपायची, लाथा खाऊन कंटाळली होती. ती आजारी पडली आणि मग तर मी सगळ्यालाच ब्रेक लावायला लागलो. जिना चढू नकोस, खिडकीत बसू नकोस, वारं येतं. हसू नकोस, खोकला येईल. हसू नकोस, असं म्हणालो मी, डॉक्टर, याच तोंडानं. त्यावर ती इतकी हसली की आलाच खोकला.

मग एक दिवस चौकात ती म्हणाली, अहो, आज डावीकडे. म्हटलं, अगं, वेळ ठरलीय आपली. म्हणाली, डावीकडे. गोदामांच्या मागे ते मोकळं मैदान आहे ना, तिथे नेलं मला. लग्न झाल्या झाल्या मी तिला तिथेच गाडी शिकवली होती. म्हणाली, मला चालवायचीय. आता अंगात त्राण नाही, हाताला सुयांच्या खुणा, पण ऐकेल तर शपथ. उशा पाठीशी घेऊन बसली तुमच्या जागेवर. मी इथे. निघालो. म्हणाली, पाय काढा ब्रेकवरून. म्हटलं, काढलाय. म्हणाली, नाही काढलेला, मला कळतं. म्हटलं, काढलाय गं, खरंच काढलाय. आणि गाडी आपली कण्हत कण्हत चाललीय. तिनं काही वाद घातला नाही. तशीच कण्हणारी गाडी घेऊन फेऱ्या मारल्या तिनं, आणि तोंड असं फुललेलं — मग कोपऱ्यावर चहा घेतला. घरी आल्यावर मुलगी दोघांवर भडकली, उपचार चुकवला म्हणून. मी घाबरत घाबरत हॉस्पिटलला फोन लावला, म्हटलं आता तिथेही बोलणी खायची. तर तिचे डॉक्टर म्हणाले, असू द्या, एका दिवसानं काही फरक पडत नाही. फार प्रेमानं म्हणाले. फोन स्पीकरवर होता. तिनं ऐकलं, मी ऐकलं, मुलीनं ऐकलं. मी उठून कप विसळायला गेलो. स्वच्छच होते ते.

आरसा बघा. हं. शेवटचा मी त्या चौकात उजवीकडे वळलो तो अँब्युलन्सच्या मागे. मुलगी आईजवळ, मी या गाडीत. रीतसर इंडिकेटर दिला आणि बंद करायला विसरलो. जुनी गाडी, हिचा आपोआप बंद होत नाही, चावी काढली तरी. गाडी लावली, कुलूप घातलं, वर धावलो, आणि हा खाली मिचमिचतोय. गेटवरचा रखवालदार शोधत शोधत वॉर्डात आला, शिकवणीच्या गाडीचे मालक कोण, तुमचा दिवा चालू राहिलाय. मी तिचा हात धरून बसलो होतो. तिनं डोळे उघडले नाहीत, नुसती म्हणाली, अहो, इंडिकेटर. लोकांच्या बायका जाताना काय काय सांगून जातात, पोरांना सांभाळा, स्वतःला जपा. माझी म्हणाली, इंडिकेटर. आणि मी उठलो, डॉक्टर. खाली गेलो, बंद केला, वर आलो, तर मुलगी दारात उभी. सगळा संसार हुज्जत घालण्यात गेला माझा आणि नेमकं तेव्हाच तिचं सांगितल्याबरोबर ऐकलं.

हे मी का सांगतोय तुम्हाला? तुमचं लक्ष जाईल. चौक आला, डावीकडे घ्या. डावीकडे — डॉक्टर, तो उजवा दिला तुम्ही. काय? कोण म्हणालं? बाबा काहीही म्हणाले तरी उजवीकडेच घ्या, असं सांगितलं तिनं? कधी, मी चावी आणायला आत गेलो तेव्हा? म्हणजे तुम्हाला सगळं आधीपासून माहीत होतं आणि तुम्ही निमूट — बरोबर आहे, बोलू नका असं मीच म्हणालो. सांगितलं ना, आईवर गेलीय.

सुटला सिग्नल. घ्या. घ्या ना पुढे. बंद पडली? फिरवा चावी परत. नाही, क्लच बरोबर आहे तुमचा. गिअरही बरोबर आहे. तुमचं काहीही चुकत नाहीये, डॉक्टर, माझा पाय आहे ब्रेकवर. थांबा जरा. मागच्यांना वाजवू द्या. काढतो. काढतो म्हटलं ना — काढला. या वेळी खरंच काढलाय, हवं तर वाकून — नको, समोर बघा. ती निळी गाडी जाऊ द्या. आता तुम्ही. आणि वळून झालं की तो इंडिकेटर — नाही. येतं तुम्हाला. आता मी काही बोलत नाही.