खिडकीच्या तीन बाजू

हॅलो?… हो ताई, बोल… नाही गं, वर्गातच आहे. पोरं यायला अवकाश आहे… काही नाही, ऊन बघत बसलोय.

हसू नकोस, कामच आहे ते. आधी खिडकीच्या गजांवर आलं. मग माझ्या टेबलाच्या कडेवरून घसरत खाली फरशीवर… तिथली खडूची धूळसुद्धा क्षणभर कुणी मुद्दाम पसरून ठेवल्यासारखी दिसली. आता कुठे पहिल्या बाकापर्यंत पोचलंय. फार सावकाश येतं, कुणाला न उठवता घरात वावरणाऱ्या माणसासारखं… हो, हो, तुला ऑफिसला उशीर होतोय. ऐक ना.

बाबांनी काढलेलं नवं चित्र भिंतीवर लावलंय. ऊन त्यावर आलं की मुलं बघतात, मग लिहितात… दुसरीची गं, सात-सात वर्षांची. नियम एकच, दिसतं तेच लिहायचं. ‘सुंदर’ नाही, ‘छान’ नाही… हो, तुझे सगळे निबंध नापास झाले असते!

चित्र कसलं म्हणजे… आपल्या स्वयंपाकघराची खिडकी, टेबल, बाबांचा कप… तोच, टवका उडालेला.

डॉक्टरांचं? सांगतो, आधी हे ऐक. शेवटच्या बाकावर एक चिमणी आहे… अगं, दिवसभर चिवचिव करते म्हणून चिमणी. तिने लिहिलं, ‘कपाखाली टेबल नाही. कप पडेल. खिडकीला तीनच बाजू आहेत. उजवीकडे काही नाही.’

मी? मी लाल पेन घेतलं. ‘टेबल नाही’ खोडून ‘कप टेबलावर आहे’ लिहिलं. ‘तीन’चं ‘चार’ केलं… हो, मीच. ‘दिसतं तेच लिहा’ म्हणून रोज घसा कोरडा करणारा मीच.

मग काय, काल वही घेऊन समोर उभी. म्हणाली, ‘सर, चौथी बाजू बोट लावून दाखवा.’… लावायला गेलो ना. बोटाखाली नुसता कोरा कागद.

शैली?… हो, तुला मीच म्हणालो होतो, ही त्यांची नवी शैली आहे. ताई, चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या त्यांनी. एक अक्षर कधी फळीबाहेर गेलं नाही.

नाही… नाही विचारलं त्यांना. आज सकाळी चहा त्यांच्या उजव्या हाताशी ठेवला. म्हणाले, ‘अरे, चहा देतोस ना?’ मी कप डावीकडे सरकवला… आजच कुठे? बरेच दिवस सरकवतोय.

रागाव. रागाव ना, मी ऐकतोय…

वहीचं? माझं लाल सगळं खोडलं. तिचं तसंच ठेवलं. चिमणी म्हणाली, ‘सर, पुढच्या वेळी नीट बघा हं.’… हसलो गं, काय करणार.

गुरुवारी ना?… नको, रद्द नको करूस… हो, मीच म्हणालो होतो, वय झालंय, डोळ्यांच्या डॉक्टरकडे उगाच कशाला न्यायचं. मी घेऊन येतो त्यांना.

थांब, जिन्यात आवाज येतोय, आली मुलं. ऊनही चित्रावर आलंय बघ… हं? डॉक्टरांना काय सांगायचं?…

लिहून घे. बाबांना उजवीकडचं दिसत नाही.