अडीच पोळ्यांचं गणित

तुम्हाला सांगते, नवऱ्याला गणित शिकवू नये, आणि सासूबाईंच्या देखत तर मुळीच नाही.

शनिवारी निखिलची एमबीएची प्रवेशपरीक्षा होती, कॉम्प्युटरवरची, मार्क लगेच सांगणारी. त्यात काही प्रश्न असे, की उत्तर काढायचंच नसतं. दिलेली माहिती पुरेशी आहे का, एवढंच सांगायचं. आमचा इंजिनिअर तिथेच अडायचा. दोनदा सरावात नापास झाला होता.

अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या आमच्या किचनमध्ये त्याने मोठ्याने वाचलं, "दोन संख्यांची बेरीज विषम आहे. गुणाकार सम आहे का? अरे, संख्या तरी सांगा यार!"

"कशाला? बेरीज विषम, म्हणजे एक सम, एक विषम. गुणाकार समच येणार. माहिती पुरेशी."

त्याला पटेना. मग मी सोपं केलं. "काल तू आणि बाबांनी मिळून पाच पोळ्या खाल्ल्या. म्हणजे एकाने दोन, एकाने तीन."

"तीन?" सासूबाईंचं लाटणं थांबलं. "पानात तीन कधी वाढतात का गं? दोघांनाही अडीच-अडीच वाढल्या मी."

निखिल ताडकन उठला. "अडीच! पूर्ण संख्याच हव्यात असं प्रश्नात लिहिलंय कुठे?"

मी पुन्हा वाचलं. नव्हतं लिहिलेलं. अडीच गुणिले अडीच, सव्वासहा. माहिती पुरेशी नव्हती.

शनिवारी मनासारखे मार्क मिळवून आला, तो थेट आईच्या पाया पडला. मी शेजारीच उभी.

"अरे, तिलाही थँक्यू म्हण," सासूबाई म्हणाल्या. "ती इतक्या खात्रीने चुकली म्हणून तर तुला जमलं."