रेकॉर्डवरची मम्माची हाक

हॅलो? … थांबा जरा, हाताला पीठ लागलंय, रिसीव्हर निसटतोय… हां, बोला. कोण?

अरे, रॉयस! अजून घरीच? मला वाटलं एव्हाना नॅशव्हिल सोडून अर्ध्या वाटेत आला असशील.

नेडीनच बोलतेय, दुसरं कोण असणार? डॅडी कधी आपण होऊन फोन उचलतात का? … बरे आहेत. चर्चमधून आल्यापासून 'हं'च्या पलीकडे शब्द नाही. मीठ हवं असलं तरी बोट दाखवतील, बोलणार नाहीत.

हो, हो… सगळं तयार आहे. कोंबडी तळून झाली, केळ्याचं पुडिंग फ्रीजमध्ये आहे, बिस्किटं लाटतेय. मर्टलमावशी अंडी आणणार आहे… हो, तीच, मसाला भरलेली. माझ्या वाटणीची तूच खा. गेल्या वर्षीची मला अजून आठवतात.

रेकॉर्ड ना? ती तर सकाळीच पुसून ठेवलीय त्यांनी. मम्माचा वाढदिवस म्हटला की उठल्याउठल्या पहिलं काम तेच. तिच्या खुर्चीवर नीट उभी करून ठेवलीय, पाहुणीला बसवावं तशी.

काय झालं, रॉयस? तुझा आवाज असा का येतोय? … गाडी बिघडली? … मग?

हो, सांगितलं होतंस की. नवीन सीडी निघालीय, डॅडींना भेट द्यायची. डेल रॅफर्टीचा आपल्या गावातला तो गाण्याचा कार्यक्रम, आपल्या रेकॉर्डवरचाच, पहिल्यापासून शेवटपर्यंत… मग? संपली का दुकानात?

उघडलीस? अरे, भेट द्यायची वस्तू तू आधीच उघडून बसलास? लहानपणापासूनची खोड तुझी, ख्रिसमसचे डबे सुद्धा… बरं, बरं, नाही बोलत. सांग.

पुस्तिकेत काय लिहिलंय? … हळू वाच, बाबा.

काय?

परत वाच.

म्हणजे आपल्या रेकॉर्डवरच्या टाळ्या आपल्या गावच्या नाहीतच? … टेक्सासच्या? … दुसऱ्याच कुठल्या कार्यक्रमातल्या लोकांचा आरडाओरडा आणून वर चिकटवला? असं करतात होय? आणि कव्हरवर आपल्या गावाचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरात. ज्या रेकॉर्डनं डेल रॅफर्टी घरोघरी पोचला, तिच्यात आपण टाळ्या वाजवल्याच नाहीत म्हणजे…

थांब. थांब, रॉयस. मग मम्माची हाक?

शेवटच्या गाण्याआधीची रे. 'अजून एक, डेल!' ती हाक… ती पण टेक्सासची?

थांब, ओव्हन बंद करते.

नाही, आहे मी. ऐकतेय. … अरे, अख्ख्या गावाला ती हाक पाठ आहे. पास्टरांनी तिच्या अंत्यविधीत भर चर्चमध्ये तिची गोष्ट सांगितली. रॉक अँड रोलच्या नावानं जन्मभर बोटं मोडणारा माणूस, आणि शवपेटीजवळ उभा राहून म्हणतो काय, आमची ऑपल आता वर जाऊन देवदूतांकडे अजून एक मागत असेल. … हो ना, तू तर हमसून हमसून रडला होतास.

ऐक. आधी माझं ऐक. डॅडींना यातलं अक्षर कळता कामा नये. … कसं म्हणजे? सीडी घरी ठेव, संपली म्हणून सांग, वाटेत मोजे घे नाहीतर टोपी घे. … खोटं तर खोटं. तू बघतोस ना दरवर्षी? ती जागा आली की ते बोट वर करतात, आपण सगळे गप्प होतो, मावशीसुद्धा. मग हाक येते आणि ते डोळे मिटून घेतात. मम्माचा आवाज दुसरा कुठे आहे रे आपल्याकडे? ना कॅसेट, ना काही. एवढी एक हाक. तीही काढून घ्यायची त्यांच्याकडून, आणि तेही आजच्या दिवशी?

नवीनवर ती हाक नाहीच? … खऱ्या हॉलमधला आवाज घातलाय? मग तर वाजली रे वाजली की कळणारच. नकोच ती सीडी घरात.

पण मी म्हणते, खरा आवाज होता तर तेव्हाच का नाही वापरला? … लिहिलंय का? वाच बघू.

'प्रेक्षकांसाठी लावलेल्या माइकच्या थेट खाली बसलेला एक माणूस…' हं… 'इतक्या मोठ्यानं ओरडला की…' हं… म्हणजे त्या एका माणसापायी सगळी टेप फुकट? आणि आता कुठे यंत्रावर दुरुस्त झाली? कोण गाढव होता कोण जाणे. तो गप्प बसला असता तर आपल्या मम्माचा खरा आवाज असता आज. भेटला ना मला, तर या लाटण्यानंच… हो, हातातच आहे.

खोकलास का तू? … नाही? मग लाइनवर कोण खोकलं?

डॅडी?

डॅडी, बेडरूममधला फोन उचललाय का तुम्ही?

कधीपासून ऐकताय? … कोंबडीपासून.

अहो डॅडी, हा रॉयस काहीतरी वाचतो, त्या पुस्तिकांत काय वाट्टेल ते छापतात, तुम्ही मनावर… हो. … हो, डॅडी. … काय?

तुम्हाला माहीत होतं?

रॉयस, तू गप्प. डॅडी बोलतायत. डॅडी स्वतःहून बोलतायत.

हं… मम्माचा घसा बसला होता? … अच्छा, चर्चमध्ये आठवडाभर रोज संध्याकाळी प्रार्थनासभा, आणि ती पुढच्या रांगेत उभी राहून गाणार… आणि शनिवारी डेल रॅफर्टी. म्हणजे होता नव्हता तो आवाज सगळा देवालाच देऊन आली होती. … तोंडातून नुसती हवा? मग ओरडली कशी? … नाहीच ओरडली.

मग? … तुमची बाही ओढली… कानाला तोंड लावून म्हणाली… काय म्हणाली, डॅडी?

'हर्शेल, माझ्या वतीनं तू ओरड.'

आणि तुम्ही?

… तुम्ही?

लाटण्याचं ते मी मागे घेते, डॅडी.

रॉयस, हसू नकोस रे… माहितीये, मीच हसतेय. अरे, या माणसानं आपल्याला कधी हाक मारून जेवायला बोलावलं नाही, दारात येऊन नुसतं उभं राहायचं, आणि यांनी डेल रॅफर्टीची टेप फोडली!

पण मग मम्मा सगळ्यांना का सांगायची, ती मीच म्हणून? … हं… गावभर चर्चा होती, त्या रात्री बोंबलला तो कोण… आणि तुम्ही घराबाहेर पडेनात. … मग रेकॉर्ड आली, तुम्ही दोघांनी कान देऊन ऐकली, तुमचं ओरडणं कुठेच नाही… आणि ती कोण बाई ओरडली मात्र, मम्मा लगेच म्हणाली, ही मी. ओरडणारी मीच होते, सांगा सगळ्यांना. … अंगावर घेतलं म्हणजे तिनं. तुम्हाला लाज वाटू नये म्हणून. शोभतं तिला.

पण डॅडी… ती गेल्यावर तरी सांगायचंत. दरवर्षी ते बोट वर करणं, ते डोळे मिटणं, ते कशासाठी मग?

…

आमच्यासाठी?

आणि आम्ही समजत होतो, तुमच्यासाठी.

… नाही, रडत नाहीये. कांदा चिरतेय. … बरं, नाहीये कांदा. रडतेय.

रॉयस, आहेस ना? तू लावून ऐकलीस का ती सीडी? … नुसतंच वाचून घाबरलास होय. लाव आत्ता. शेवटच्या गाण्याआधीचा भाग. रिसीव्हर त्या स्पीकरपाशी धर. … डॅडी, ठेवू नका हं. लाजू नका, आम्हीच आहोत.

… हं, येतंय. … टाळ्या. इतकीच माणसं होती? रेकॉर्डवर तर अख्खं टेक्सास होतं… शू, बोलत नाही. … आता तो काहीतरी म्हणतोय… आता…

बाप रे.

डॅडी, हे तुम्ही? 'माझी बायको म्हणतेय अजून एक!' … अगदी नदीपलीकडून गाई घरी बोलवाव्यात तसे.

रॉयस, बंद करू नकोस! त्याच्या मागून काहीतरी आलं. मागे घे… आणखी थोडं… हां, सोड.

ते. ऐकलंस? … नाही, टाळ्यांच्या आधी. तुमच्या अगदी जवळ कुणीतरी हसतंय, डॅडी. आवाज नाही फुटत, नुसती हवा… आणि शेवटी तो श्वास आत ओढायचा. मम्मा नेहमी ओढायची तसा.

डॅडी? … ऐकलंत ना? … डॅडी, काहीतरी बोला.

रॉयस, ते बोलत नाहीयेत. फोन ठेवू नकोस, मी बघून येते.

…

हॅलो, रॉयस? … हो, ठीक आहेत. पलंगावर मम्मा झोपायची त्या बाजूला बसलेत, रिसीव्हर कानाशी घट्ट धरून. मी दारातून काही विचारणार तेवढ्यात बोट वर केलं.

पुन्हा लाव म्हणतात. … नाही, गाणं नको. त्यांचं ओरडणंही नको म्हणतात. तेवढं हसणंच.

मग उशीर झाला तर होऊ दे. कोंबडी गार झाली तर गार खाऊ, मावशीला मी सांगते काहीतरी. तू लावत राहा, ते पुरे म्हणेपर्यंत.

मी? मी ठेवते. इथे माझं मुसमुसणं लाइनवर जातंय, आणि तिचा आवाज आधीच बसलेला आहे. त्यांना नीट ऐकू दे.