नारिंगी दोरा

दोऱ्याच्या दुकानात शिवणकामवाल्या बाई काळं रीळ हातात धरून कधीच्या उभ्या होत्या. पुढचं म्हातारं जोडपं दुकानदाराला सोडेल तर शपथ! आजोबांना नवी गळाची काठी बांधायची होती. ज्या कड्यांतून तंगुसाची दोरी ओवतात, त्या कड्या काठीवर दोऱ्याने गुंडाळून पक्क्या करायच्या होत्या.

“काळाच दोरा द्या.”

“अहो, नारिंगी घ्या. उठून दिसेल.”

“काठी आहे ती, नवरी नाही. नटवायची कशाला?”

“मागच्या वेळी मधली कडी सोडून दोरी ओवलीत. मासा लागल्यावर कळलं.”

“घाईत होतो.”

“तळ्यावर कसली आलीय घाई? मासा काय गाडी पकडणार होता?”

“नारिंगी रंगाला मासे बुजतात.”

“मासे पाण्यात, काठी तुमच्या हातात. आणि व्हार्निश लावलं की रंग गडद होतो, असं तुम्हीच सांगता ना?”

“होतोच. म्हणून दोरा आधी ओला करून बघायचा. हा बघ, काळा तो काळाच राहिला.”

“अहो…”

“काय?”

“तो निळा आहे.”

दुकानदार उगाच गल्ला पुसू लागला.

“बरं, तो नारिंगी ओला कर बघू.”

“केला. झकास दिसतोय.”

“द्या हो दोन रिळं. हिची हौस!”

“हो तर. माझीच हौस.”

दोघं हसत पायऱ्या उतरले.

“बोला बाई, काळं रीळ ना?” दुकानदाराने विचारलं.

“आलेच हं,” म्हणत बाई हातातलं रीळ घेऊन दारातल्या उजेडात गेल्या.